सल्ला फुकट, हप्ता मात्र तारखेला

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचं माप होतं, आडत्या आपली उचल कापून घेतो, उरलेल्या रकमेची पट्टी कास्तकाराच्या हातावर ठेवतो. कास्तकार कळमनुरीच्या स्टँडवर उतरून घरी पोचेपर्यंत ओसरीवर एक जण येऊन बसलेला असतो. बूट उंबऱ्याबाहेर, बॅग मांडीवर, चहा निम्मा संपलेला. "मामा, यंदा भाव बरा लागला म्हणायचा." पट्टीवरचा आकडा बायकोला अजून कळलेला नसतो, याला कळलेला असतो. कसा, ते विचारू नये. गावात कुणाकडे किती जमीन हे तलाठ्याकडं लिहिलेलं असतं, कुणाकडे किती रोख हे याच्याकडं.

हा आर्थिक सल्लागार. पूर्वी याला एजंट म्हणायचे. नंतर प्रतिनिधी झाला. आता चौकातल्या फ्लेक्सवर कोट-टाय घालून, हाताची घडी करून उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं: संपत्ती नियोजन, निवृत्ती नियोजन, मुलांचे शिक्षण नियोजन. एवढं नियोजन तालुक्यात एकाच फ्लेक्सवर मावतं. बाकी तालुका पाऊस कधी येतो याची वाट बघत बसलेला असतो.

या करिअरची चलती का, हे समजायला फार डोकं लागत नाही. तलाठी व्हायचं तर २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. पोरं अभ्यासिकेत तीन-चार वर्षं काढतात, डोळ्याला चष्मा लागतो, घरात लग्नाचा विषय निघतो आणि मग कुणीतरी म्हणतं, अरे, एजन्सी तरी घे. एजन्सीला काय लागतं? दहावी पास, वय अठरा, पंचवीस तासांचं प्रशिक्षण आणि आयसी-३८ नावाची परीक्षा. पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला पस्तीस टक्के. म्हणजे पन्नासात अठरा बरोबर आले की झालं. ट्रॅक्टरचा मिस्त्री हाताखालच्या पोराला दोन वर्षं नुसते पाने उचलायला लावतो, तेव्हा कुठं इंजिनाला हात लावू देतो. इथं कुणाच्या तीस वर्षांच्या कमाईचं इंजिन उघडायला पंचवीस तास पुरतात, आणि त्यातही दुपारचं जेवण असतं.

खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. विकास अधिकारी, म्हणजे डीओसाहेब, नव्या पोराला एक कोरी वही देतात आणि सांगतात, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिही. पोरगं लिहायला बसतं. पहिल्या वीसात मामा, मावशी, आत्या, दाजी, थोरल्या बहिणीचे दीर. पुढच्या वीसात शाळेतले मित्र, ज्यातले निम्मे स्वतःच कुठल्यातरी वहीत नावं लिहीत बसलेले. मग भाडेकरू, किराणावाला, लग्नात मंडप टाकणारा. साठाच्या पुढं पोरगं पेन चावायला लागतं. शंभर भरत नाहीत. डीओसाहेब म्हणतात, सासर अजून झालं नाही ना? मग होईल.

या यादीवरच पुढचं सगळं करिअर उभं राहतं, हे कुठल्याच फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. पहिल्या वर्षी मामा पॉलिसी घेतो, कारण भाचा आहे. दाजी घेतात, कारण नाही म्हटलं तर बायको महिनाभर बोलत नाही. मावशी दोन हप्ते भरते आणि सोडून देते. पॉलिसी बंद पडली की गेलेले पैसे मावशीचे आणि पडलेलं तोंड भाच्याचं. आमच्याकडं नाती बांधावरून तुटायची. आता बांध मोजून मिळतो, ऑनलाइन सातबारा निघतो, म्हणून देवानं हा दुसरा मार्ग काढला असावा. यादी संपली की बहुतेकांचं करिअर संपतं. एजन्सीचा नंबर चालू राहतो, पोरगं मात्र मोबाइलचं दुकान टाकतं.

आता थोडं गणित. ते नीट केल्याशिवाय हा धंदा कळत नाही.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये, बँकेच्या खात्यातून आपोआप कापले जातात. अठरा ते पन्नास वयाच्या माणसाला २ लाखांचं संरक्षण. माणूस कशानंही गेला तरी घरी पैसे येतात. हे ४३६ मिळवून देणाऱ्या माणसाला किती मिळतात? नव्या नावामागं ३० रुपये. सुरक्षा विमा योजना, अपघाताची, वर्षाला २० रुपये. त्यात सांगणाऱ्याचा वाटा एक रुपया. एका रुपयात आखाडा बाळापूरला जाऊन यायचं तर गाडी उताराला लावून ढकलावी लागेल, आणि येताना चढ आहे.

उलट, वर्षाला ५०,००० हप्त्याची वीस-पंचवीस वर्षांची पारंपरिक पॉलिसी. पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा साधारण चौथा हिस्सा एजंटाचा, म्हणजे बारा हजारांच्या आसपास. पुढं दरवर्षी थोडं थोडं येत राहतं. ग्राहकाला शेवटी मिळतात वर्षाकाठी पाच-सहा टक्के, तेही तो मधे न चुकता भरत राहिला तर. विमा म्हणावा तर कमी, बचत म्हणावी तर कमी. मधल्या माणसाला मात्र भरपूर.

एकाच घरात बसून, एकच चहा पिऊन, तीस रुपयांचं सांगावं की बारा हजारांचं? हा प्रश्न आयसी-३८ मध्ये येत नाही. आला असता तरी पन्नासात अठरा पुरतात, तो सोडून देता आला असता.

पीपीएफचंही तेच. नोव्हेंबर २०११ पर्यंत पीपीएफवर अल्पबचत एजंटाला कमिशन होतं, तोवर पीपीएफ ही भारतातली सर्वांत सुरक्षित योजना होती. डिसेंबर २०११ मध्ये कमिशन बंद झालं. त्या दिवसानंतर ती सल्लागारांच्या बोलण्यातून नाहीशी झाली. योजना आहे तिथंच आहे, पोस्टात. पोस्टाच्या आवर्ती ठेवीवर महिला प्रधान एजंटांना अजून चार टक्के मिळतात, म्हणून ती योजना अजून चांगली आहे.

म्युच्युअल फंडाची तऱ्हा निराळी. २००९ च्या ऑगस्टपर्यंत पैसे भरतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापून ते वितरकाला जायचे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं ते बंद केलं. २०१८ मध्ये आगाऊ कमिशनही बंद केलं. आता गुंतवणूक जोवर टिकेल तोवर वर्षाला पाऊण-एक टक्का. तत्त्व म्हणून छान आहे. पण पाऊण टक्क्यानं महिना वीस हजार कमवायचे तर आपल्यामार्फत लागलेली रक्कम तीन कोटींच्या वर पाहिजे. कळमनुरीच्या भाषेत सांगायचं तर महिना हजार रुपये, पाच वर्षं, एकही महिना न चुकवता भरणारी पाचशेच्या वर माणसं पाहिजेत. ज्या गावात पाचशे माणसं पाच वर्षं एका पक्षात राहत नाहीत, तिथं ती एका एसआयपीत कशी राहावीत?

म्हणून पोरगं सकाळी फंडाचं पत्रक दाखवतं आणि संध्याकाळी पॉलिसीचा फॉर्म भरून घेतं. त्याला लबाड म्हणायला तोंड उघडतं, पण ते जरा थांबवावं. कारण या व्यवहारात दुसऱ्या बाजूला आपण बसलेलो आहोत.

आपण कुणाकुणाला पैसे देतो ते बघा. जमीन मोजायला देतो. वकिलाला तारखेला देतो, तो कोर्टात उभा राहिला नाही तरी देतो. हात बघणाऱ्याला देतो. बोअर कुठं घ्यावी हे नारळ हातावर धरून सांगणाऱ्याला देतो, आणि कोरडी गेली तर म्हणतो, नशीब. पण "मामा, तुम्ही ही पॉलिसी घेऊ नका. आधी गटाचं आठवड्याचं कर्ज फेडा, मग सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा, मग बघू," असं सांगणाऱ्या माणसानं पाचशे रुपये मागितले तर? मामा उठून गोठ्यात जातील. सांगायचे कसले पैसे? बोलायला काय बिल येतं का?

बिल येतं. बोलणाऱ्याचं पोट आहे, ते तो कुठून तरी भरणारच. आपण समोरून देत नाही, म्हणून तो कंपनीकडून घेतो आणि कंपनी आपल्याच हप्त्यातून देते. पाचशे वाचवले म्हणून मामा खूष असतात, बारा हजार गेले हे त्यांना दिसत नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी पकडायची लायगो प्रयोगशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. प्रोटॉनच्या आकारापेक्षा कितीतरी लहान हालचाल ते यंत्र टिपणार म्हणतात. अंतराळातल्या कृष्णविवरांच्या टकरीचा हिशेब हिंगोली जिल्ह्यात लागेल. हप्त्यातलं कमिशन दिसायला मात्र अजून यंत्र निघायचं आहे.

आणि समजा दिसलं, तर आपण काय करतो? वाटा मागतो. "पहिला हप्ता तू भर, मग बघतो." हे वाक्य कळमनुरीत इतकं चालतं की पोरं त्याला ग्राहकाचा हक्कच समजतात. विमा कायदा १९३८ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणं कमिशनातून सूट देणं गुन्हा आहे आणि ती घेणंही गुन्हा आहे. दंड १० लाख रुपयांपर्यंत. हे कलम प्रत्येक फॉर्मवर छापलेलं असतं, बहुधा त्याच जागेच्या आसपास, जिथं मामा सही करतात आणि पोरगं बोटानं दाखवतं, इथं.

सल्लागारांत एक वरची जात आहे, तिच्याबद्दल बोलायला धाडस लागतं. सरकारी नोकरीतले भाऊसाहेब. एजन्सी वहिनींच्या नावावर. वहिनींना पॉलिसीचा प विचारला तर त्या पोह्यांचं विचारतात. फिरतात भाऊसाहेब, कार्यालयाच्या वेळात, कार्यालयाच्या कामासाठी आलेल्या माणसाकडं. काम तुमचं, पॉलिसी आमची. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत पत्नीच्या विमा एजन्सीसाठी प्रचार करणं हासुद्धा नियमभंग धरला आहे. नियम करणाऱ्यांनी महाराष्ट्र नीट पाहिला होता म्हणायचा.

या वरच्या जातीचा सुगीचा महिना मार्च. कलम ८० सी, दीड लाखांची सूट, गुरुजींचा पगार आणि घाबरलेला चेहरा. "सर, टॅक्स वाचतो," एवढ्या तीन शब्दांवर कित्येकांनी बंगले बांधले. कुठली योजना, किती वर्षं, परत काय मिळेल, कुणी विचारायचं नाही. मार्च एन्डिंग आहे, सही करा. पुढं नवी करप्रणाली आली, तिच्यात ८० सी नाही. आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच नाही, पगारदाराला तर पावणेतेरा. गुरुजींचा कर गेला आणि भाऊसाहेबांचा मार्च गेला. दिल्लीच्या एका बजेटानं कळमनुरीतल्या इतक्या लोकांचं एवढं नुकसान याआधी केलं नसेल. भाऊसाहेब आता "निवृत्ती नियोजना"कडं वळले आहेत.

इतिहासात डोकावलं तर हा धंदा इथं मुंबई सरकारच्या आधी आला, असं म्हणायची सोय आहे. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-विदेशी कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था मिळून २४५ जणांचा कारभार एका छत्राखाली गेला. त्यात साताऱ्याच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली काढलेली वेस्टर्न इंडिया ही मराठी कंपनीही होती. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता आणि तो हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबरला. म्हणजे कळमनुरी एलआयसीची आधी झाली आणि मुंबईची दोन महिन्यांनी. देशमुखांनी राष्ट्रीयीकरण केलं ते खासगी कंपन्यांच्या लबाड्या पाहून. पैसा सुरक्षित झाला, हे त्यांचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. मामाच्या ओसरीवर काय बोललं जाईल, ते मात्र कुठल्याच अध्यादेशात बसत नाही.

पण ओसरीवरच्या विमा एजंटावर एवढी शाई घालवताना एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्याच्याकडं दिलेला पैसा कमी वाढतो. बुडत नाही. बुडवणारे सल्लागार वेगळे, आणि मराठवाड्यात त्यांचं करिअर जास्त झपाट्यानं होतं.

अशा बुडवणाऱ्याचं रूप साधं असतं. संध्याकाळी दुकानादुकानांतून फिरणारा पिग्मीवाला. रोजचे शंभर-पन्नास घेतो, छोट्या मशीनवर पावती फाडतो, सगळ्यांना नावानं ओळखतो. पानटपरीवाल्याला बँकेत काउंटरवर उभं करत नाहीत, हा त्याच्या दारात येतो. दोन वर्षं हिशेब चोख. मग एक दिवस म्हणतो, "काका, आपल्या मल्टीस्टेटमध्ये ठेव ठेवा, बँकेपेक्षा दुप्पट व्याज." काका ठेवतात. त्यांनी विश्वास मल्टीस्टेटवर ठेवलेला नसतो, पोरावर ठेवलेला असतो. पोराला ठेवीमागं कमिशन मिळतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोराची स्वतःच्या आईची ठेवही तिथंच असते. तो फसवत नसतो, तो स्वतः फसलेला पहिला माणूस असतो.

बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेट या सहकारी पतसंस्थेचं काय झालं, ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. २०२४ मध्ये तिचे अध्यक्ष सुरेश कुटे अटकेत गेले तेव्हा ठेवीदारांची संख्या लाखांत आणि रक्कम हजारो कोटींत होती. त्याआधी २०१४ मध्ये नाशिकच्या केबीसी कंपनीनं गावंच्या गावं झोपवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेबीनं पर्ल्स या गुंतवणूक कंपनीला पैसे परत करायचा आदेश दिला, ४९ हजार कोटींचा. देशभरात जवळपास पावणेसहा कोटी माणसं अडकली होती. यातल्या प्रत्येक ठिकाणी लोकांनी पैसे दिले ते ओळखीच्या माणसाच्या हातात. कंपनीचा मालक कुणी पाहिलेला नव्हता. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतची ठेव विम्यानं सुरक्षित असते. पतसंस्था आणि मल्टीस्टेटला ते कवच नाही. एवढं एक वाक्य पिग्मीवाल्यानं सांगितलं असतं, तर त्याचं करिअर तिथंच संपलं असतं.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा एमपीआयडी कायदा १९९९ चा. हिंगोली जिल्हाही १ मे १९९९ चाच, परभणीतून वेगळा झालेला. दोघंही पंचविशी ओलांडून गेले. दोघांबद्दलही लोक अजून विचारतात की, चालू कधी होणार?

अकोला-हिंगोली-नांदेड या १६१ क्रमांकाच्या महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली, त्यांना मावेजा मिळाला. एकरकमी पैसा, तोही शेतकऱ्याच्या घरात, हा आमच्या भागात दुर्मिळ योग. खरा सल्लागार लागतो तो अशा दिवशी. कर्ज किती फेडायचं, थोरल्याच्या नावावर किती, बहिणींचा हक्क कुठं बसतो, उरलेले पैसे कुठं ठेवायचे की रोज दिसणार नाहीत. त्या दिवशी काही घरी आले ते गाडीच्या शोरूमवाले, प्लॉटवाले, दुप्पटवाले. आणि विमावाला, बॅग मांडीवर घेऊन. त्यातल्या त्यात तोच बरा होता, हे आज म्हणावं लागतं.

खरा सल्लागार कायद्यात आहे. सेबीचे त्याच्याविषयीचे नियम २०१३ चे. तो फी ग्राहकाकडून घेतो आणि त्याच ग्राहकाला कमिशनवर काही विकू शकत नाही. २०२० पासून म्युच्युअल फंड विकणाऱ्याला पाटीवर स्वतःला स्वतंत्र आर्थिक सल्लागार म्हणवून घ्यायलाही बंदी आहे. ही बातमी आमच्या चौकातल्या फ्लेक्स छापणाऱ्याकडं अजून पोचलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं अटी सैल केल्या: पदवी पुरते, राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या दोन परीक्षा, आणि दीडशे ग्राहकांपर्यंत १ लाखाची अनामत ठेव. एका कुटुंबाकडून ठरावीक फी घ्यायची तर वर्षाला १,५१,००० पर्यंत घेता येते. दीड लाखाच्या पुढं एक हजार. सेबीनं आहेराचं पाकीट डोळ्यांपुढं ठेवलं असावं.

एवढं सगळं करून देशात असे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आतबाहेर. एकशे चाळीस कोटींच्या देशात. एलआयसीचे एजंट चौदा लाखांच्या वर. कळमनुरीतल्या एखाद्या पोरीनं उद्या ठरवलं की आपण पदवीधर आहोत, परीक्षा देऊ, अनामत भरू आणि दर घरामागं वर्षाला दोन हजार घेऊन सरळ सल्ला देऊ, तर तिला दीडशे घरं लागतील. तीन लाख रुपये होतात. पोट भरेल. डोंगरकडा, वारंगा, शेवाळा, नांदापूर मिळून दीडशे घरं निघणार नाहीत असं नाही. निघायचे नाहीत ते दोन हजार रुपये. पहिल्या घरात चहा मिळेल, दुसऱ्या घरात तिच्या लग्नाचं विचारतील, तिसऱ्या घरात म्हणतील, बाई, एवढं शिकलीस तर पॉलिसी तरी वीक.

पॉलिसी विकायला तिला सरकारही बोलावतं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतला पंतप्रधानांनी विमा सखी योजना सुरू केली. दहावी पास बाई, पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. वर्षात चोवीस माणसांच्या पॉलिस्या पूर्ण करायच्या, म्हणजे महिन्याला दोन. पुढचं मानधन हवं तर आधीच्या पॉलिस्यांपैकी ६५ टक्के चालू राहिलेल्या पाहिजेत. ही शेवटची अट मला आवडली. कुणाच्या तरी लक्षात आलं आहे की पॉलिसी घेणं वेगळं आणि ती चालू राहणं वेगळं. बचत गटाच्या बायका हे काम पुरुषांपेक्षा बरं करतील असा माझा अंदाज आहे, कारण गटात कुणाची ऐपत किती हे त्यांना हप्त्यागणिक ठाऊक असतं, आणि खोटं बोललं तर पुढच्या सोमवारी त्याच सतरंजीवर बसायचं असतं. मानधन कमी कमी का होत जातं, हे मात्र कुठल्या वहिनीला समजावून सांगावं? अनुभव वाढेल तसा पगार घटणारं करिअर सासरी असतं, ते एक झालंच होतं.

एलआयसीनं २० जानेवारी २०२५ ला गिनीजचा विक्रम केला. चोवीस तासांत ४,५२,८३९ एजंटांनी ५,८८,१०७ पॉलिस्या विकल्या. भागाकार केला तर माणशी सव्वा. एक पॉलिसी घरातल्याची धरली, तर पावभर देश विमाधारक झाला.

चेष्टा पुरे, एका माणसाबद्दल लिहायचं राहिलं. तुमच्याही गावात तो असेल. साठीकडं झुकलेला, जुनी हिरो होंडा, डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावतीपुस्तकं. पस्तीस वर्षं तीच गावं. कायाधू नदीला पूर आला तरी तारखेला हजर, कारण हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडेल. कुणाच्या घरी पैसे नसले तर खिशातले भरतो आणि हळद निघाली की मागतो. घरातला कर्ता माणूस गेल्यावर तो तिसऱ्या दिवशी येतो. मयताचा दाखला, बॉण्ड, बँकेचं पासबुक, वारसाच्या नावातली चूक, आधारवरचं आडनाव वेगळं, हे सगळं घेऊन शाखेत खेटे घालतो. बाई शाळेत गेलेली नाही, दीर सही करू देत नाही, तिथं हा उभा राहतो. गोडजेवणाच्या आत पैसे आले नाहीत तर त्यालाच अपराध्यासारखं वाटतं. त्यानंही आयुष्यभर बारा हजारवाल्याच पॉलिस्या विकल्या. त्याला टर्म इन्शुरन्सचं नाव काढलेलं आवडत नाही. त्याच्या सल्ल्याचा भाव लावायचा तर मला जमणार नाही. कागदावर महाग होता. त्या बाईला विचारलं तर ती काय भाव सांगेल, ठाऊक नाही.

अडचण एवढीच की त्याला त्याच्या खेट्यांचे पैसे मिळत नाहीत. दावा मिळवून दिल्याबद्दल कमिशन शून्य. कमिशन विकण्यावर. त्यामुळं नवी पोरं विकायला शिकतात, खेटे घालायला नाही. दावा आला की टोल फ्री नंबर देतात. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी बहुधा नऊ.

म्युच्युअल फंडाच्या गुंतवणूकदाराला २०१६ च्या ऑक्टोबरपासून सहामाही पत्रकात छापून येतं की तुमच्या पैशातून वितरकाला इतके रुपये गेले. रुपयांत, टक्क्यांत नाही. पारंपरिक पॉलिसीच्या बॉण्डवर अशी ओळ नसते. ती येईपर्यंत तोंडानं विचारायला हरकत नाही: यात तुला किती? मी विचारून पाहतो. पिग्मीवाला खरं सांगतो, त्याला लपवायचं सुचत नाही. बँकेत काउंटरवर ठेव मोडायला गेलेल्याच्या हातात पॉलिसी देणारे टायवाले साहेब म्हणतात, आमचा पगार आहे हो, कमिशन कुठलं, आणि टार्गेटचा तक्ता वहीखाली सरकवतात. सल्लागार पोरांची उत्तरं मात्र तयारीची असतात. त्यातल्या एकानं आमच्या गल्लीतल्या एका आजींना परवा सांगितलं, "आज्जी, मला काय मिळायचंय? तुमचा आशीर्वाद, बस."

"आशीर्वाद पाहिजे व्हय?" आज्जी म्हणाल्या. "ये हिकडं, ठेवते डोक्यावर हात. फारमावर अंगठा कशाला मागायलास मग?"